दरडोई साहेब

चहाचा कप हातात आला की दरडोई साहेब आधी किटलीत डोकावायचे, मग बसलेली माणसं मोजायचे आणि नंतरच घोट घ्यायचे. त्यांचं खरं नाव बहुधा घरच्यांनाच ठाऊक असावं. जिल्ह्याच्या कचेरीतून येऊन ते आरोग्य केंद्राच्या एकूण खर्चाला आलेल्या रोग्यांनी भागायचे. "दरडोई किती पडलं?" हा प्रश्न त्यांनी म्हणे मंगळवार पेठेतल्या स्वतःच्या लग्नातही आचाऱ्याला विचारला होता.

सत्तरच्या दशकात मी गडमुडशिंगीच्या पलीकडच्या एका खेड्यात कंपाउंडर होतो. दरडोई खर्च जास्त निघेल ते केंद्र बंद, असं वरून ठरलं आणि आमच्याकडे साहेबांचा दौरा लागला. डॉक्टरांनी सरपंचांना एवढंच सांगितलं, "साहेब येताहेत, गावाची लाज राखा." सरपंचांनी ती आपल्या परीनं राखली. दवंडी पिटवली, "उद्या पावणं येत्यात, कुणी आजारी पडायचं न्हाय!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चिटपाखरू नाही. सरपंच मिशीला पीळ देत म्हणाले, "बघा सायेब, समदं गाव ठणठणीत हाय!" डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. साहेब मला हळूच म्हणाले, "अहो, शून्यानं भागायचं कसं?"

ते उठून गावात शिरले, मी मागोमाग. बंद दारांआडून दाबलेले खोकले ऐकू येत होते. एका घरात कणगीआड घोंगडं पांघरून म्हातारी कुडकुडत होती.

"आजी, ताप आहे ना? दवाखान्यात चला."

"आत्ता न्हाय बाबा. त्यो सायेब गेला की येतो."

"मीच तो साहेब."

"मग जा की लवकर!"

साहेब पोट धरून हसले. मग त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचं हसू पळालं. तिला स्वतःच्या जीपमध्ये घालून त्यांनी डॉक्टरांपुढे आणलं. न्यूमोनिया होता. चावडीसमोर उभं राहून मग साहेबांनीच आरोळी ठोकली, "आजारी असाल तर लाजू नका, या!" दुपारी रांग फाटकाबाहेर गेली.

तरी हिशेबात आमचं केंद्र महागच ठरलं. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या भागाकाराविरुद्ध शिफारस केली आणि वरिष्ठांशी कडाकडा भांडले. केंद्र वाचलं, त्यांची बदली पार विदर्भात झाली.

मला फार वाईट वाटलं. निरोपाला स्टँडवर गेलो, तर म्हातारी आधीच येऊन कंडक्टरशी भांडत होती. "दवाखाना ऱ्हायला म्हणत्यात न्हवं? मग ह्या माणसाला कुठं घिऊन चाललायस?"

घंटी द्यायला कंडक्टरचा हात उठेना.