बाबांनी खर्रा सोडला तेव्हा
काल पातेल्यावरचं झाकण काढलं, आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचा तो वास नाकात शिरला आणि पोंभुर्ण्याचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. मी शाळेत असताना एकदा बाबा पंपाचं सामान आणतो म्हणून चंद्रपूरला गेले होते आणि परत आल्यापासून त्यांनी तंबाखूचा खर्रा एकदम बंद केला. खिशात खर्ऱ्याच्या पन्नीऐवजी बडीशेप दिसू लागली, सकाळच्या चहाऐवजी ते वाटीभर आंबील पिऊ लागले, आणि जेवल्याबरोबर आडवा होणारा माणूस तळ्याच्या पाळीवर फिरायला निघाला. आईला यातलं काहीच पटेना. तिनं इतकी वर्षं हातापाया पडूनही न सुटलेला खर्रा असा आपोआप सुटतो कसा? चंद्रपूरला ते डॉक्टरकडेच गेले असणार आणि आता आंबिलीत औषध मिसळत असणार, असं तिला वाटायचं. एका सकाळी तिनं त्यांच्या हातातली वाटीच धरली. "डॉक्टरनं काय सांगतलं ते खरं सांगा." "डॉक्टरकडे गेलोच नाई वं. पोट साफ राह्यते म्हणून पिऊन राह्यलो," बाबा वैतागले, "माणूस सुधरला तं तुले बिमारीच दिसते काय?" आईनं वाटी हुंगली, उरलेली आंबील घटाघटा पिऊन टाकली आणि तोंड पुसत म्हणाली, "उद्यापासून मले बी ठेवा. काय असन ते दोघंबी पाहू." बाबांना काहीच झालं नव्हतं, ते अजून टणटणीत आहेत, आणि आई अजून त्यांचे खिसे चाचपते. काल मी वाटी तोंडाला लावली, तर दारातून बायकोचा आवाज आला, "रिपोर्ट कुठी लपवला तुमी?"