हर्षालीनं मोडलेली शपथ

भूम तालुक्यातल्या ईट गावाजवळच्या एका वस्तीवर कस्तुराबाई वीस वर्षं अंगणवाडीची मदतनीस आहे. खिचडी शिजवायची, पोरांचे हात धुवायचे, नाकं पुसायची. ताटं वाढण्याआधी पोरं मोजायची तिला सवय.

त्या मंगळवारी एक कमी भरलं. महेश्वरी नव्हती.

सेविकाताई बैठकीला भूमला गेलेल्या. कस्तुराबाईनं मागचं-पुढचं अंगण पाहिलं, शेजारणीला महेश्वरीच्या घरी पिटाळलं. पोरगी तिथंही नव्हती. मग कस्तुराबाईचं लक्ष पाच वर्षांच्या हर्षालीकडं गेलं. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे, आणि आज हर्षाली खिचडीला शिवतही नव्हती.

“महेश्वरी कुठंय गं?”

“न्हाय सांगणार. शपथ घातलीय तिनं.”

“कशापायी?”

“वजनकाटा फुटला तिच्या हातनं. तुमी मारताल म्हणून लपली.”

 कस्तुराबाईला तिला दंडाला धरून हलवावंसं वाटलं. पण ओरडलं तर ती तोंडच मिटून घेईल, हे तिला ठाऊक होतं. ती खाली बसली.

“शपथ पाळतीस, बरं करतीस. पण तिथं तिला काय झालं तर? तुझ्याबिगर कुणालाच ठाव न्हाय. मग कोण सोडवील तिला?”

हर्षाली दाराकडं बघू लागली. बाहेर पाण्याचा टँकर आला होता. ड्रायव्हर गोरोबानं अंगणातल्या जमिनीखालच्या हौदाच्या पत्र्याच्या झाकणातल्या भोकात पाइप घातला. ते दारातून दिसताच हर्षाली किंचाळली, “पाणी सोडू नका! ती हौदात हाय!”

कस्तुराबाई अनवाणी धावली. “गोरोबा, बंद कर! पोरगी हाय आत!”

पाणी सुटलं होतं. इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू जाईना. तिनं पाइपच उपसून फेकला, झाकण ढकललं. तळाशी, घोट्याएवढ्या पाण्यात, महेश्वरी भिंतीला चिकटून उभी. तोंड उघडं, आवाज नाही. गोरोबानं आत उडी मारून तिला वर दिलं.

वर येताच ती हर्षालीवर ओरडली, “तू सांगितलंस! कट्टी!”

“तिनं सांगितलं म्हणून तू वर आलीस,” कस्तुराबाई म्हणाली. “खाऊचं गुपित ठिवावं, खेळाचं ठिवावं. मैत्रीण अडचणीत असली की पळत येऊन सांगायचं.”

संध्याकाळी पालक जमले. कुणी म्हणालं, पोरीच वांड आहेत.  कस्तुराबाईला आपली नोकरी जाईल, हे दिसत होतं.

“झाकणाला कुलूप लावायचं काम माझं,” ती म्हणाली. “सकाळी म्या तसंच सोडलं. चूक पोरींची न्हाय.”

तिला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

महेश्वरी दोन दिवस हर्षालीशी बोलली नाही. शुक्रवारी हर्षाली आलीच नाही. महेश्वरी दाराकडं बघत राहिली, मग कस्तुराबाईजवळ येऊन म्हणाली, “मावशी, तिला ताप आला असंल का? बघून येऊ आपण?”

कस्तुराबाईनं ताईंना सांगितलं, आणि महेश्वरीचा हात धरून हर्षालीच्या घराकडं निघाली.