ब बाजू आमची

रिपेअरिंगच्या धंद्यात सुटे स्क्रू फार साठतात. टेपरेकॉर्डर उघडायचा, दुरुस्त करायचा, बंद करायचा, आणि एखादा स्क्रू हातात उरतोच. टेप तर झक्कास वाजत असतो. मग तो स्क्रू जातो डबीत. आमच्या गाळ्यातले किस्सेही असेच डबीत पडलेत. काही उपयोग नाही, पण फेकवत नाहीत.

गाळा नगरला दिल्ली गेटजवळ. काळ नव्वदीचा. अर्ध्या गाळ्यात मी, दिलीप, रेडिओ-टेपवाला. उरलेल्या अर्ध्यात याकोब साळवे, कॅसेटी भरून देणारा. तुम्ही कोरी कॅसेट आणायची, गाणी सांगायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. असली दुकानं गल्लोगल्ली होती. पण साळव्याच्या दुकानात लाल रंगात पाटी होती : 'अ बाजू तुमची, ब बाजू आमची. तक्रार चालणार नाही.'

म्हणजे एका बाजूला तुमच्या पसंतीची गाणी, आणि दुसऱ्या बाजूला साळवे त्याच्या मनानं भरणार. काय भरलंय ते कव्हरवर लिहायचं नाही. एखादं गाणं आवडलं, नाव पाहिजे असलं, तर दुकानात येऊन गुणगुणून दाखवायचं.

मी म्हणायचो, "अरे, गिऱ्हाईक पळून जाईल."

तो म्हणायचा, "देवानं दोन कान दिलेत. एक गिऱ्हाइकाचा, एक माझा."

ब बाजू भरायच्या आधी तो डॉक्टरसारखी चौकशी करायचा. सकाळी कधी उठता, घरात म्हातारं माणूस आहे का, शेवटचं कधी रडलात. एका वकिलानं ठणकावलं, "हे मला बायकोनंसुद्धा विचारलेलं नाही." साळवे म्हणाला, "मग तर तुम्हाला नव्वद मिनिटांची कॅसेट लागेल. साठची पुरायची नाही."

तर अशा ह्या जिल्ह्याची नाडी ओळखणाऱ्या माणसाला एका ठिकाणी मात्र यश नव्हतं. घरी.

रूथवहिनी सकाळच्या शाळेत शिकवायच्या, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायच्या. कान एकदम तयार. रोज संध्याकाळी सहाला साळव्याचा डबा घेऊन यायच्या. साळवे नवीन सापडलेलं गाणं लावून ठेवायचा आणि परीक्षेला बसल्यासारखा उभा राहायचा. वहिनी गाणं शेवटपर्यंत ऐकायच्या, डबा काउंटरवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ठीक आहे."

बास. वर्षानुवर्षं तेच. साळव्याची एकच इच्छा होती. तिनं एकदा तरी स्वतःहून म्हणावं, "पुन्हा लावा." त्यानं जाहीरच करून टाकलं होतं, ज्या दिवशी रूथ 'पुन्हा लावा' म्हणेल, त्या दिवशी गाळ्यांच्या अख्ख्या लाइनीला समोरच्या हॉटेलातली मिसळ. त्यामुळे टेलिफोन ऑफिसातले कांबळे रोज सहाच्या ठोक्याला हजर. गाणं ऐकायला नाही, वहिनींचं तोंड बघायला.

"वहिनी, एकदा खोटं तरी म्हणा," कांबळे गयावया करायचे. "भूक लागलीय."

"खोटं कशाला बोलायचं, कांबळेभाऊ? डब्यात भाकरी आहे, घ्या."

साळवे बिचारा प्रत्येक चांगल्या ब बाजूची एक कॉपी घरी नेऊन टेपशेजारी ठेवायचा. मला म्हणायचा, "दिवसभर बटणं दाबून कंटाळा येतो रे, घरी मी टेपला हातसुद्धा लावत नाही. तिनं ऐकावं म्हणून नेतो. ऐकते का धूळ पुसून ठेवते, देव जाणे."

*

पारनेरकडचा रावसाहेब दुधाचा टेम्पो चालवायचा. अ बाजूला त्यानं ढोलकीच्या लावण्या सांगितल्या. ब बाजूला साळव्यानं संथ बासरी भरली. चौथ्या-पाचव्या दिवशी रावसाहेब तणतणत आला आणि कॅसेट काउंटरवर आपटली.

"साळवे, तुमच्यापायी माझं दूध नासलं."

"माझ्यापायी?"

"व्हय. कॅसेट उलटली आन ते बासरीचं लागलं. म्या गाडी लिंबाखाली घेतली. म्हनलं, एवढं संपू द्यावं आन निघावं. संपंस्तवर डेअरीचं टायमिंग गेलं, उन्हानं सगळं दूध फाटलं. घरी बायको लई बोलली."

साळवे वरमला. म्हणाला, "आण इकडं. पुसतो ती बाजू. लावण्याच भरून देतो."

रावसाहेबानं झडप घालून कॅसेट उचलली आणि खिशात कोंबली.

"पुसतो म्हनं! पुसायला न्हाई आलो मी. ह्याच्यातलंच अजून भरून द्या. आता दूध घालून माघारी येताना ऐकीन."

*

राहुरीकडच्या एका स्पीकरवाल्याला सनई भरून पाहिजे होती. लग्नसराई तोंडावर. साळव्यानं चौकशी केली तर कळलं, त्याची बायको नुकतीच बाळंत झालेली. म्हणून ब बाजूला त्यानं अंगाया भरल्या. त्याच माणसाचा टेप माझ्याकडं दुरुस्तीला होता. त्यातलं ऑटो रिव्हर्स, म्हणजे एक बाजू संपली की आपोआप दुसरी सुरू होते ते, कैक दिवस बंद होतं. मी जीव ओतून ते चालू करून दिलं. माझ्या कामाला नावं ठेवायची नाहीत.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. 'वाजवा' म्हणाले. स्पीकरवाल्यानं बटण दाबलं. कॅसेट शेवटाला आलेली हे त्याच्या ध्यानात नव्हतं. सनई जरा वाजली, खट् आवाज झाला, आणि चारी कर्ण्यांतून मंडपभर अंगाई सुरू झाली. नवरा-नवरीच्या हातातले हार अजून हातातच.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अगं बया, ह्यांना लईच घाई हाय."

सगळा मांडव हसून आडवा झाला. नवरीचा बाप दुसऱ्या दिवशी स्पीकरवाल्याचं बखोट धरून आमच्या गाळ्यात. काय काय बोलला ते सांगण्यासारखं नाही. साळव्यानं नुसतं पाटीकडं बोट दाखवलं.

पुढल्या वर्षी तोच बाप पेढ्याचा पुडा आणि कोरी कॅसेट घेऊन आला. तोंड जरा खालीच होतं.

"त्या दिवशी मांडवात लागलं हुतं, तेवढं भरून द्या," म्हणाला. "आता येळ आलीय."

*

हा माझा स्वतःचा, छोटासा. शनिशिंगणापूरचा एक नारळाचा दुकानवाला साळव्याची कॅसेट अडकलेला टेप घेऊन आला. मी कॅसेट सोडवली, बघतो तर टेपचं पुढचं झाकण तुटलेलं. म्हटलं, "नवीन झाकण बसवून देतो."

तो म्हणाला, "नगं. आमच्या गावात घरालाच दार न्हाई, ह्याला कशाला?"

*

कॅसेट भरून देणाऱ्यांना पोलिसाची धास्ती असायची. परवानगी-बिरवानगीची भानगड, खोलात शिरत नाही. एका संध्याकाळी एक धिप्पाड हवालदार गाळ्यात शिरला.

"साळवे कोण?"

साळव्यानं हात वर केला. नुसतं 'मी' म्हणायचं तर हात वर कशाला, पण केला.

"शटर अर्धं खाली घ्या."

मी सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवली. कांबळे स्टुलावरून उठून सरकारी कर्मचाऱ्यासारखे सावधान उभे राहिले. हवालदारानं बाहेर कुणी आहे का बघितलं, टोपी काढली, घसा खाकरला आणि गुणगुणायला लागला.

बायकोनं आमच्याकडून कॅसेट भरून नेली होती. ती माहेरी जाताना कॅसेट घेऊन गेली, आणि ह्या गृहस्थाच्या डोक्यातून ब बाजूचं एक गाणं जाईना. पण सूर असा की कुठल्या गाण्याचा पाय कुठल्या गाण्यात, काही कळेना. साळव्यानं कॅसेटीमागून कॅसेटी लावल्या. दर वेळी हवालदार मान हलवायचा, "हे नव्हं."

कांबळे धीर करून म्हणाले, "साहेब, जरा सुरात म्हणता का?"

"सुरात आलं असतं तर पोलिसात गेलो असतो का?"

एवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून वहिनी आत आल्या. हातात डबा. हवालदाराचं गुणगुणणं त्यांनी घडीभर ऐकलं. म्हणाल्या, "अहो, ते नाही का, दिवाळीच्या आधी भरलेलं? होडीचं गाणं. मध्ये टाळ्या आहेत बघा. ब बाजूला शेवटून दुसरं."

साळव्यानं लावलं. हवालदारानं डोळे मिटले आणि तिथंच, वर्दीत, टाळ्यांच्या जागी टाळ्या दिल्या. तो गेल्यावर साळवे वहिनींकडं बघतच राहिला.

"तुला कसं माहीत?"

"इथं येता-जाता कानावर पडतं."

कांबळ्यांना मिसळीचा वासच आला. "म्हणजे आवडलं होतं ना, वहिनी? आवडल्याशिवाय शेवटून दुसरं लक्षात राहतं का?"

वहिनींनी डबा ठेवला. "ठीक आहे," म्हणाल्या.

*

साळव्याला एवढं नवीन-नवीन सापडायचं कुठं, असं लोक विचारतात. तो पहाटेच गाळ्यात येऊन शॉर्टवेव्ह रेडिओ लावायचा आणि आवडलेलं टेप करून घ्यायचा. गच्चीवरून लिंबापर्यंत एरियलची तांब्याची तार मीच ओढून दिली होती. जगातली कुठकुठली स्टेशनं खरखरत लागायची. कोण निवेदक, कुठला देश, भाषा कुठली, काही कळायचं नाही. पण तो ऐकत बसायचा, कारण म्हणे, "तिकडं कुणीतरी माझ्यासारखाच बसलाय, दुसऱ्यासाठी गाणं निवडत."

असंच एकदा ढोलांवरचं दणदणीत गाणं सापडलं. ते त्यानं राजूरच्या एका शाळामास्तरांच्या कॅसेटवर ब बाजूला टाकलं. मास्तरांच्या पोरांनी ते ऐकलं आणि स्नेहसंमेलनात त्याच्यावर आपला गावाकडचा नाच बसवला. पायाला पाय असा जुळला की सांगता सोय नाही. 'वन्स मोअर' मिळाला.

प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले, "आपली लोककला जपली पाहिजे." मग खाली वाकून मास्तरांना विचारलं, "हे गाणं कुठल्या भागातलं?"

मास्तर म्हणाले, "ह्या डोंगराच्या पलीकडचं."

खोटं नव्हतंच ते. किती पलीकडचं, हे पाहुण्यांनी विचारलं नाही.

*

दशक संपता संपता नगरात पहिला सायबर कॅफे निघाला. कांबळे म्हणाले, आता कॉम्प्युटरवर परदेशातला रेडिओ लागतो, खरखर नाही, तार नाही. आम्ही तिघं गेलो. कॅफेवाल्यानं टकटक केलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. आम्ही चहा प्यायलो. पट्टी भरली, गाणं लागलं, दोन ओळी झाल्या आणि थांबलं. परत पट्टी.

साळव्यानं खिशातून पेन्सिल काढली. गुंतलेली कॅसेट फिरवायला तो ती कायम बाळगायचा. कॅफेवाल्याला म्हणाला, "ही कुठं घालू ते सांग, मी फिरवतो."

पण खरं सांगतो, त्या दोन ओळी त्याला फार आवडल्या. परत येताना वाटभर त्याच गुणगुणत होता. संध्याकाळी वहिनींनाही म्हणून दाखवल्या. काय उत्तर आलं ते सांगायला नको.

त्या दिवशी मात्र तो जरा खट्टू झाला. म्हणाला, "दिलीप, अख्ख्या जगातलं आणून पाहिलं रे. मला वाटतं, तिला गाणंच आवडत नाही. उगाच छळतो मी तिला. उद्यापासून विचारायचं बंद."

मला वाईट वाटलं. कांबळ्यांनाही वाटलं, पण त्यांचं मिसळीसाठी असेल.

*

दुसऱ्याच दिवशी सकाळी साळवे घरचा टेप काखोटीला मारून आला.

"बंद पडलाय. रूथ म्हणाली, आजच्या आज पाहिजे."

"एवढी काय घाई?"

"कोण जाणे. शाळेत जाता जाता तीनदा बजावून गेली."

मी टेप उघडला. बेल्ट सैल पडून तुटलेला, रबराचं चाक झिजून गुळगुळीत. आत कॅसेट होती, साळव्यानं मागच्याच आठवड्यात घरी नेलेली. ब बाजू वर. बेल्ट बदलला, चाक बदललं, हेड स्पिरिटनं पुसलं. बंद करून वरून फडकं मारायला लागलो आणि हात थांबला.

प्लेचं बटण वापरानं जरासं घासलेलं होतं. स्टॉपची, फॉरवर्डची अक्षरं कोरी करकरीत, कालच आणल्यासारखी. टेप मागं फिरवायच्या रिवाइंडच्या बटणावर अक्षर नव्हतं, रंग नव्हता. मधोमध खळगा पडला होता.

इतकी वर्षं हजारो टेप हाताखालून गेले, असं बटण मी पाहिलेलं नव्हतं.

"साळवे," मी हाक मारली, "घरी टेपला तू हात लावत नाहीस ना?"

"कितीदा सांगू? नाही."

"आणि घरात तुम्ही दोघंच."

"दोघंच. का रे?"

मी टेप उचलून त्याच्यापुढं ठेवला. तो बघत राहिला. मग त्यानं अंगठा त्या खळग्यावर ठेवला. अंगठा बसेना. खळगा बारीक बोटाचा होता.

त्यानं टेप आपल्या काउंटरवर नेऊन ठेवला. दिवसभर गिऱ्हाइकांना नुसतं हो हो करत होता. एकाला तर दोन्ही बाजूंना त्याच्याच पसंतीची गाणी भरून दिली.

सहा वाजले. कांबळे आले. वहिनी आल्या. साळव्यानं गाणं लावलं, कुठलं ते आता आठवत नाही. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"कसं आहे?" साळव्यानं विचारलं.

"ठीक आहे."

कांबळ्यांनी उसासा टाकला. साळवे गाळ्याच्या पायरीवर गेला आणि समोरच्या हॉटेलाकडं बघून ओरडला, "मिसळ! सगळ्या लाइनीला. पाव जास्तीचे."

"अहो पण," कांबळे उठून उभे राहिले, "वहिनी कुठं म्हणाल्या?"

वहिनींनी काउंटरवरचा टेप बघितला, मग साळव्याकडं बघितलं, आणि पदर सारखा केला.

मी म्हटलं, "वहिनी, टेप झालाय. रिवाइंडचं बटण तेवढं झिजलंय. नवीन बसवून देऊ का?"

वहिनींनी टेप उचलून कडेवर घेतला.

"नको, भाऊजी," म्हणाल्या. "ठीक आहे."