एकोणिसाव्या पानावरचं हसू

नोएल पिंकसने व्हर्ना लिंडक्विस्टला पहिल्यांदा पाहिलं ते एका दिव्याच्या खांबाच्या सावलीत. सावली कसली, हातभर रुंद पट्टा. सप्टेंबरचं ऊन होतं, आणि कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या त्या रस्त्यावर पायी माणूस दिसलं तर लोक गाडी हळू करून बघतात. त्या पट्ट्यात ही साठीकडे झुकलेली बाई अंग चोरून, ताठ उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, हातात सोललेलं उकडलेलं अंडं, नजर बस येण्याच्या दिशेला. हिची गाडी बंद पडली असणार, असं नोएलला वाटलं. पण त्याचा नोकरीचा पहिला दिवस होता आणि उशीर झाला होता, म्हणून तो थांबला नाही. तासाभराने लेखकांच्या खोलीत तीच बाई लांब टेबलाच्या टोकाला बसलेली दिसली, तेव्हा त्याची मान आपोआप खाली गेली.

त्या खोलीत ‘टर्पिन कुटुंब’ नावाची विनोदी कार्टून मालिका लिहिली जायची. नऊ लेखक दिवसभर बोलायचे, त्यातला निम्मा वेळ दुपारचे सँडविच कुठून मागवायचे यावर. बोललेलं सगळं टिपून घ्यायचं काम व्हर्नाचं. तिने स्वतः काही बोलायचं नाही, असा त्या खोलीचा रिवाज होता, आणि या ना त्या मालिकेत सव्वीस वर्षं तिने तो पाळला होता.

तिचं खरं वजन मात्र बुधवारी कळायचं. बुधवारी सगळे नट टेबलाभोवती बसून नवा भाग मोठ्याने वाचायचे. चाळीसेक माणसं ऐकायला. व्हर्ना पेन्सिल घेऊन बसायची आणि जिथे हसू येईल तिथे समासात खूण करायची, शाळेत मास्तर वहीत करतात तशी. खुदकन हसण्याला एक, मोकळ्या हसण्याला दोन, सगळी खोली हसली तर तीन. वाचन संपलं की तिच्या प्रतीच्या झेरॉक्स निघायच्या, आणि ज्या विनोदापुढे खूण नसेल त्यावर मुख्य लेखक गस कॅस्पेरियन लाल रेघ मारायचा. त्याचं एकच वाक्य ठरलेलं: “खूण नाही, तर विनोद नाही.”

यात अडचण अशी की लेखक मंडळी स्वतः कधी हसत नाहीत. एखादी कोटी आवडली तर दुखवट्याला आल्यासारखं तोंड करून म्हणतात, “हे विनोदी आहे.” त्यामुळे कुठे खरं हसू आलं हे त्या खोलीत एकट्या व्हर्नाच्या पेन्सिलीलाच ठाऊक असायचं.

नोएलच्या वाट्याला पहिलाच भाग आला तो प्रवासाचा. टर्पिन मंडळी गाडीतून देश बघायला निघतात. तेरा आठवड्यांच्या कराराचा अकरावा आठवडा चालू होता. हा भाग उभा राहिला तर नोएल राहणार, नाही तर परत न्यूयॉर्क. गसने फळ्यावर यादी लिहिली. बाप रस्ता विचारत नाही. पोरं दर मिनिटाला “आलं का?” म्हणतात. नकाशा उघडला की पुढची काच झाकते. जगातली सर्वांत मोठी काहीतरी वस्तू बघायला वाकडी वाट. मुक्कामाला एकाच पलंगाची खोली. टपावरचं सामान उडतं. आणि सातवं: कुणीतरी मागे राहतं.

नोएल न्यूयॉर्कला चौथ्या मजल्यावर वाढला होता. त्यांच्या घरी गाडीच नव्हती. त्याला खरोखर कळेना.

“बाप रस्ता का विचारत नाही?” त्याने विचारलं.

“पाणी खाली वाहतं, बाप रस्ता विचारत नाही,” गस म्हणाला. “लिहून घे, पिंकस.”

“पण हे सगळं सगळ्यांनी आधीच केलंय.”

“म्हणून तर! थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कुणाला आवडते? कुणालाच नाही. पण टेबलावर नसू दे, घरात मारामारी.”

नोएलने मुकाट्याने टर्की शिजवली. लॉयड टर्पिन, म्हणजे कुटुंबाचा बाप, जगातला सर्वांत मोठा बटाटा बघायला गाडी वळवतो. त्याची बायको आठवण म्हणून पोतंभर मोठा प्लास्टरचा बटाटा विकत घेते. पुढच्या पेट्रोल पंपावर लॉयडची सासू, मॉड आजी, पाय मोकळे करायला उतरते. बटाट्याला थंडी वाजू नये म्हणून धाकट्या मुलीने त्याला आजीचा रुमाल बांधलेला असतो. लॉयड निघताना आरशात बघून डोकी मोजतो. “सहा! सगळे आले!” आणि चाळीस मैल गेल्यावर समाधानाने म्हणतो, “इतका शांत प्रवास आयुष्यात झाला नव्हता.” हे सगळं एकोणीस ते बावीस पानांवर होतं, आणि पुढचा भाग त्यावरच उभा होता.

बुधवारी वाचन झालं. नोएलने शपथेवर सांगितलं असतं की त्या पानांना लोक हसले. लॉयडचा आवाज काढणारा नट तर हसू ओसरेपर्यंत थांबून पाणी प्यायला होता. पण झेरॉक्स आली तेव्हा अठराव्या पानापर्यंत खुणाच खुणा, तेविसाव्यापासून पुन्हा खुणा, आणि मधली चार पानं कोरी.

“हसले होते ना?” नोएलने विचारलं.

“मला वाटतं हसले,” गस डोकं खाजवत म्हणाला. “पण तेव्हा माझ्या पँटवर सँडविचमधला मोहरीचा सॉस सांडला होता. डोलोरेस, तू?”

डोलोरेस खोलीतली सर्वांत जुनी लेखिका. ती म्हणाली, “मी हसले. पण तुझ्या पँटला.”

“मी आवाजाला हसलो, विनोदाला नाही,” तिसरा म्हणाला. “की उलट? आता सांगता येत नाही बुवा.”

शेवटी गसने लाल पेन काढलं. “खूण नाही, तर विनोद नाही. पिंकस, शुक्रवारी दुपारपर्यंत दुसरं काहीतरी आण. नाही आणलंस तर मी आणि डोलोरेस लिहून टाकू.” दुसऱ्याने लिहून टाकणं म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

व्हर्ना टेबलाच्या टोकाला होती. ती टिपून घेत होती, पण आज तिची बोटं टाइप करायच्या यंत्रावर अडखळत होती, आणि हे कुणीच पाहिलं नाही.

पाच वाजता नोएल निघाला तेव्हा ती त्याच खांबाशी उभी दिसली. या वेळी त्याने गाडी थांबवली. “चला, सोडतो.” ती मागचं दार उघडायला लागली.

“पुढे बसा की,” तो म्हणाला.

“नको बाळा, सवय आहे,” असं म्हणून ती मागेच बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

दोन चौक गेले. पेट्रोलचा काटा तळाला आला होता, म्हणून नोएलने पंपावर गाडी घेतली आणि पैसे द्यायला आत गेला. परत आला तर गाडीत कुणीच नाही! त्याने मागच्या सीटखालीही वाकून पाहिलं; आपण नक्की काय शोधतोय, हे त्याचं त्यालाच कळेना. तेवढ्यात दिसलं: विकायचा बर्फ ठेवतात त्या मोठ्या पेटीजवळ व्हर्ना उभी होती.

“मी पंपावर उतरतेच,” ती म्हणाली. “तुला विचारायचंय ते विचार.”

“लोक हसले होते का?”

“मला माहीत नाही.” तिचा आवाज बारीक झाला. “खरंच माहीत नाही रे. पेन्सिल हातात होती. पानं उलटली, हेही आठवतं. पण ऐकूच आलं नाही काही. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नाही. उद्या सकाळी मी गसला सांगते, चूक माझी आहे म्हणून.”

नोएलच्या मनात आलं, सांगा. आत्ताच फोन करून सांगा. मग आलं, एकदा ही चुकली म्हटल्यावर तिच्या खुणांवर कोण विश्वास ठेवील? आणि खुणांशिवाय त्या खोलीत तिचं होतं काय?

“आधी मला सांगा,” तो म्हणाला. “झालं काय?”

“बटाट्याला रुमाल बांधायचं तुला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. सातवं कलम होतं फळ्यावर. मोजणी चुकली पाहिजे म्हणून डोकं काहीतरी हवं होतं.”

“आमच्याकडे गादी होती,” व्हर्ना म्हणाली.

मग तिने सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना तिचे आईवडील नेब्रास्काचं शेत सोडून सहा पोरांसकट कॅलिफोर्नियाला निघाले होते. नेवाडात वाळवंटातल्या एका पंपावर ती उतरली. गाडीत मागे गुंडाळलेली गादी होती, आणि गादीवर व्हर्नाची टोपी. वडलांनी आरशात मोजलं, सहा. गाडी गेली. तीन तासांनी परत आली.

“पुढे चाळीस वर्षं दर थँक्सगिव्हिंगला ते ही गोष्ट सांगायचे. ‘मी तर म्हटलं, व्हर्ना आज कशी शहाण्यासारखी गप्प बसलीये!’ सगळे हसायचे. मीही हसायचे. आणि मला वाटायचं, हे जगात फक्त आमच्याकडेच घडलं. परवा बघते तर फळ्यावर, सातव्या क्रमांकावर. मग ते माझं होतं की सगळ्यांचंच होतं, मला कळेना. ते विनोदी होतं का, हेसुद्धा कळेना. तूच सांग, तू लेखक आहेस.”

नोएलने वेगळंच विचारलं. “तीन तास तुम्ही केलंत काय?”

“तेच तर कुणी विचारलं नाही कधी.” ती पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघून बोलली. “पंपवाल्याने संत्र्याचं सरबत दिलं. मी टायरांच्या ढिगावर बसून येणाऱ्या गाड्यांच्या नंबरच्या पाट्या वाचल्या, कुठल्या कुठल्या राज्यांच्या. एका माणसाला मी रस्ता सांगितला. तो मोठा माणूस, आणि त्याने ऐकलं माझं! घरी आम्ही सहा जणं, तिथे मी एकटी. आणि आमची गाडी लांबून दिसली ना, तेव्हा मी अश्शी बर्फाच्या पेटीमागे जाऊन लपले. आईला वाटलं, पोर घाबरून लपलंय. मी रडतही होते बहुतेक. पण कशासाठी, ते आजपर्यंत मला उमगलेलं नाही.”

नोएल तिला घरी सोडून आला. गुरुवारभर तो लिहीत बसला. गसला कुणीच काही सांगितलं नाही. व्हर्ना सांगायला निघाली होती, नोएलनेच तिला एक दिवस थांबवलं.

शुक्रवारी त्याने नवी पानं दिली. आता गाडी निघून गेली की चित्र गाडीबरोबर जात नव्हतं, पंपावरच राहत होतं. मॉड आजी टायरांवर बसून सरबत पिते. पंपवाला आपली टोपी तिला देतो. बापमाणसं रस्ता विचारत नाहीत म्हणून ती न विचारताच ओरडून सांगते, आणि सगळ्यांना चुकीचा सांगते. शेवटी टर्पिनांची गाडी दिसते, तेव्हा आजी क्षणभर बर्फाच्या पेटीमागे जाते, टोपी डोळ्यांवर ओढून बाहेर येते. लॉयड घामाघूम होऊन काच खाली करतो आणि जन्मात पहिल्यांदा विचारतो, “अहो, माझ्या सासूकडे जायचा रस्ता कुठला?” आजी हात लांब करून सांगते, “सरळ. थेट सरळ.” आणि गाडी पुन्हा निघून जाते.

गसने पानं वाचली. चेहरा दुखवट्याचा झाला. “हे विनोदी आहे,” तो म्हणाला. मग कपाळाला आठी घालून, “पण हे आपल्या यादीत कुठे बसतं?”

“सातव्यात,” नोएल म्हणाला.

पुढच्या बुधवारी पुन्हा वाचन झालं. नोएलने लोकांकडे पाहिलंच नाही. त्याची नजर टेबलाच्या टोकाला, पेन्सिलीवर. पेन्सिल चालत होती. संपल्यावर झेरॉक्स आली: दोन, दोन, एक, तीन. “सरळ. थेट सरळ.” याच्यापुढे तीन खुणा, त्यातली शेवटची कागद फाडून गेलेली. पण आजी पेटीमागे जाते त्या ओळीपुढे खूण नव्हती. तिथे एक छोटा गोल होता.

“हा काय प्रकार?” गस म्हणाला. “गोलाचा अर्थ काय? एक की दोन?”

कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. व्हर्ना कधी नव्हे ती बोलली.

“ते माझं आहे. ते धरायचं नाही.”

ती हसली होती की आणखी काही, हे नोएलला तेव्हा समजलं नाही, पुढेही नाही. गसने लाल पेन उघडलं, ओळीकडे पाहिलं, पुन्हा बंद केलं. “राहू दे,” तो म्हणाला. “सँडविच कुठून मागवायचे?”

तो भाग दाखवला गेला. नोएलचा करार वाढला आणि तो त्या खोलीत अकरा वर्षं टिकला. व्हर्नाने त्याआधीच, सत्तरीला आल्याशिवाय नाही म्हणत म्हणत, पासष्टीला काम सोडलं.

आता ती पंच्याऐंशी वर्षांची आहे. बरबँकमध्येच राहते, बसने हिंडते, आणि गाडी चालवायला अजून शिकलेली नाही.