खडूची रेघ आणि भरलेला गिलास

२००३ च्या सव्वीस जानेवारीला, चंद्रपूरच्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात, माझे मामा, राजुऱ्याचे मोटार मिस्त्री गोमाजी यांच्यावर अन्याय झाला. त्यांनी शांत केलेल्या मोटारीच्या पाटीवर दुरुस्ती करणारा म्हणून नाव होतं शहरातल्या इंजिनिअरचं.

आज मोर्चाच्या सूचनेचा फळा लिहिताना बोटांना खडू लागला आणि मामांचं गॅरेज आठवलं. मालकाच्या आजोबांच्या काळातली ती ऐटबाज मोटार वेग घेतला की बुडातून घुमायची. इंजिन बदला, असं इंजिनिअर सांगून गेलेला. मामांनी गाडी जागेवरच चालू केली, भरीव बांबूची काठी इंजिनला टेकवली आणि दुसरं टोक कानाशी धरलं.

"इंजिन गपगार हाय, मालक. काऊन त्याले बदनाम करून राह्यले?"

मग मागची चाकं उचलून त्यांनी गिअर टाकायला लावला. चाकांकडे जाणारा लांब दांडा फिरला आणि तोच घुमारा उठला. फिरत्या दांड्याजवळ मामांनी खडू हळूच नेला. जड बाजू फिरताना बाहेर झुकते, म्हणून रेघ उमटली ती जड बाजू. तिच्या बरोबर विरुद्ध बाजूला त्यांनी लोखंडी पट्टी आवळली.

चाचणीला मी मागच्या सीटवर, हातात काठोकाठ भरलेला गिलास.

"सांडलं त तूच पुसशीन, पोरी."

थेंबही सांडला नाही. तेव्हा मला ती गंमत वाटली होती. आज छाती फुगवून सांगते, ती विद्या होती.

मोटार अजून प्रदर्शनांत मिरवते, पाटी तीच आहे. पाहायला जाल तेव्हा मालकाला तोंडावर विचारा, गोमाजींचं नाव कुठे आहे?