उतारावरचे जावईबापू

आमच्या जावईबापूंच्या बुटांना ग्रीसचा डाग लागलेला मी पंधरा वर्षांत एकदाही पाहिला नाही. स्वतःला ड्रायव्हर म्हणवणाऱ्या माणसाबद्दल यापेक्षा वाईट काही मला सांगता येणार नाही.

खाणीची वसाहत डोंगरावर, दवाखाना पायथ्याशी, आणि मधे सोळा वळणांचा कच्चा उतार. त्यावरून माणसांची ने-आण करणारी डिझेल फोर बाय फोर जीप जावईबापूंच्या ताब्यात. मी वर्कशॉपचा मेकॅनिक. म्हणजे ते ब्रेक जाळणार आणि मी बदलणार, अशी आमची कामाची वाटणी. धाकटी बहीण या माणसाला दिली तेव्हा माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, कोण जाणे.

उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये टाकायची आणि पाय पेडलांवरून काढून घ्यायचे. इंजिनच चाकांना आवरून धरतं. हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण जावईबापू क्लच दाबून गाडी मोकळी सोडायचे आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचे. का, तर म्हणे, "इंजिन ओरडायला लागलं की माझ्या पोटात कालवतं, दादा." काय ती यंत्राची दया! दर दोन महिन्यांनी त्यांच्या ब्रेकचे लायनर कोळसा होऊन माझ्यापुढे यायचे, लायनरांची दया मात्र त्यांना कधी आली नाही. ते लायनर मी त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून वर्कशॉपच्या दारावर टांगायचो. येणारा-जाणारा हसायचा. जावईबापूही हसायचे आणि निघून जायचे. कोडगेपणाची हद्द झाली, असं मी चारचौघांत म्हणायचो.

गेल्या वर्षी एका सकाळी बहिणीच्या पोटात कळ उठली. वसाहतीतल्या नर्सने पोट दाबून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "अपेंडिक्स दिसतंय. आत फुटलं तर जिवावर बेतेल. आत्ताच्या आत्ता खाली न्या."

मागच्या सीटवर बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन मी बसलो. जावईबापूंनी जीप काढली आणि पहिल्याच उतारावर क्लच दाबला.

"सोडा तो क्लच!" मी ओरडलो. "निदान आज तरी!"

"घाई आहे दादा, बोलू नका," ते म्हणाले. पाय तिथेच.

सहाव्या वळणावर जळका वास आला. नवव्या वळणावर ब्रेकचं पेडल पायाखालच्या फळीला जाऊन टेकलं आणि गाडी काही थांबेना. जावईबापूंनी हँडब्रेक खेचत जीप डोंगराच्या बाजूला, मुरमाच्या ढिगात घातली. तेवढं डोकं चाललं त्यांचं. बहीण किंचाळली आणि मग एकदम गप्प झाली. तिच्या त्या गप्प होण्याने मी घाबरलो. आता ही आपल्या हातची जाते, असंच वाटलं मला.

"सरका बाजूला," मी म्हटलं. "मी नेतो."

बहिणीने डोळे न उघडता माझी बाही धरली. "त्यांनाच नेऊ दे. तू वर्कशॉपच्या फाटकाबाहेर गाडी कधी काढलीयस?"

खरंच होतं ते. सोळाच्या सोळा वळणं मी आजवर बसल्या जागेवरून, दुसऱ्याच्या चुका काढत उतरलो होतो.

मग मी सांगायला लागलो. "हँडब्रेक असू दे. क्लच दाबा. आता गिअरच्या दांड्याशेजारचा तो छोटा दांडा, फोर बाय फोरचा, लोमध्ये टाका."

जावईबापूंचा हात छोट्या दांड्यावर गेला आणि तिथेच थांबला.

"कुठल्या बाजूला?" त्यांनी हळूच विचारलं.

पंधरा वर्षं रोज तीच गाडी हाकणाऱ्या माणसाने! शिवी अगदी ओठांवर आली होती. बहिणीच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि गिळली.

"मागे ओढा. आता पहिला गिअर. क्लच सावकाश पूर्ण सोडा, हँडब्रेक काढा, दोन्ही पाय फळीवर. काही झालं तरी क्लचला पाय लावायचा नाही."

ढीग तुडवत जीप बाहेर आली आणि इंजिनने बोंब ठोकली. उतार तीव्र झाला की जावईबापूंचा डावा पाय आपोआप उचलला जायचा. "पाय!" मी ओरडायचो, की खाली. उरलेली सात वळणं गाडी म्हातारीच्या चालीने उतरली, ब्रेकशिवाय. आणि स्टिअरिंग? खोटं कशाला बोलू, एक खड्डा त्यांनी बहिणीला लागू दिला नाही. मला ते जन्मात जमलं नसतं.

दुपारी ऑपरेशन झालं. फुटायच्या बेतातच होतं, पण वेळेत आणलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आम्ही दोघे बाहेर बाकावर बसलो होतो. जिवावरचं टळलं तशी माझी जीभ पुन्हा वळवळली.

"पंधरा वर्षांत एकदा येऊन विचारता नाही आलं, दांडा कसा टाकायचा ते? तुमच्या अडाणीपणापायी आज ती गेली असती."

"हो," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही शिकवलं असतंत, दादा. त्याची शंका नव्हती. पण मला येत नाही, हे संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर गेलं असतं."

छे, काहीतरीच काय, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण संध्याकाळपर्यंत कशाला, मी दुपारीच जाऊन सांगितलं असतं.