मिशा काढलेले झिंगे

आमच्या सासरी मंडईच्या दिवशी झिंगे झालेच पाहिजेत, आणि मला झिंगे चालत नाहीत. या दोन गोष्टी एका घरात सुखाने राहू शकतात, हे पटवायला मला इतकी वर्षं का लागली, याचा राग अजून गेलेला नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसभर दुकानं, पाळणे, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणे. आमचं गाव पवनीजवळचं, नदीकाठचं. पाहुण्याला नदीचे झिंगे खाऊ घातले नाहीत, तर मंडई झाली असं इथे कोणी मानत नाही. मी ते खाल्ले की आधी ओठ सुजतात, मग अंगभर गांधी उठतात, मग गळा आवळत जातो. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, ही अ‍ॅलर्जी आहे, इथे थोडं आणि जास्त असा हिशेब नाही, रस्सासुद्धा नको. मी ते ऐकलं आणि कामाला लागले. माझा तवा, कढई, सराटा वेगळा केला. कुणाकडे जेवायला जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करते. लग्नात आचाऱ्याला गाठून भजी कोणत्या तेलात तळली ते विचारते. पर्समध्ये गोळ्या असतात. एवढं केलं की मी सगळीकडे जाते आणि पोटभर जेवते. यात रडण्यासारखं काही नाही.

रडतात ते दुसरेच. "बिचारीले झिंगे नाही चालत," असं माझ्या देखत म्हणतात, जणू माझा एक हात तुटला आहे. काहींना हे नखरे वाटतात. माझं माहेर जवाहरनगरचं, वडील तिथल्या सरकारी फॅक्टरीत होते आणि आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो, म्हणून मोठी जाऊ लग्नापासून मला क्वार्टरवाली म्हणते. "क्वार्टरवालीचं पोट बी सरकारी," हा तिचा ठरलेला विनोद, आणि दर मंडईला त्यावर नव्याने हसणारं कोणीतरी सापडतंच. सगळ्यात वाईट ते समजूतदार लोक. "झिंगे बाजूले काढून देतो न, नुसता रस्सा घे."

माझ्या सासऱ्यांची बहीण नाकाडोंगरीला असते. आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांच्या हाताला चव आहे, हे मी रागातही नाकारणार नाही. मंडईला त्या आल्या की सैपाक त्यांच्या ताब्यात. दोन वर्षांपूर्वीच्या मंडईला मी माझ्यापुरती वांग्याची भाजी सकाळीच केली, वेगळ्या पातेल्यात झाकून ठेवली, आणि सैपाकघरातल्या प्रत्येकीला बजावलं की हे पातेलं माझं. मग पाहुण्यांची अंथरुणं, चहा, पाणी यांत दिवस गेला.

संध्याकाळी पंगत बसली. घरभर झिंग्यांचा वास होताच, त्यामुळे माझ्या ताटातून येणारा वास मला वेगळा कळला नाही. भाजी थोडी आंबट लागली. तिसऱ्या घासाला ओठ चुरचुरले.

"या वांग्यात काय टाकलंय?" मी विचारलं.

आत्याबाई वाढता वाढता थांबल्या आणि हसल्या. "काई नाही व. जरासाक झिंग्याचा कूट. मंडईच्या दिवशी कोरडं वांगं काहून खावं बाईनं? घाबरू नको, मिशा मी एकेक काढल्या."

मी गोळी घेतली. नवऱ्याने मोटारसायकल काढली आणि मंडईच्या गर्दीतून हॉर्न वाजवत आम्ही दवाखान्यात पोचलो. पाळण्यावरची माणसं ओरडत होती, आणि मला माझा श्वास शिट्टीसारखा ऐकू येत होता. इंजेक्शन वेळेवर मिळालं, म्हणून मी हे लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर माजघरात आत्याबाई डोळ्यांना पदर लावून बसलेल्या, जाऊ त्यांना वारा घालतेय, आणि सासूबाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या. गळा सुजला माझा, आणि पाणी आत्याबाईंना!

"जाऊ दे व आता," सासूबाई मला म्हणाल्या. "त्यायनं का मुद्दाम केलं?"

"मग कूट आपोआप पडला का, आई?"

आत्याबाईंनी पदर काढला. "सुरणाची खाज चिंचेनं जाते का नाही? मंग? झिंग्याची खाज त्याच्या मिशीत राहते. दुपारभर बसून मिशा उपटल्या तुयासाठी. चिंच बी टाकली. बोटं पाह्य माही."

त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या टोकांना बारीक बारीक टोचल्याच्या खुणा होत्या. ती खोटी माया नव्हती, आणि त्यामुळेच माझ्या अंगाचा भडका उडाला. शत्रूने विष घातलं तर निदान ओरडता तरी येतं.

"एवढं केलंत, तर मला आधी विचारलं का नाही?"

"विचारलं असतं त तू नाही म्हटलं असतं."

त्यांनी हे अगदी सरळपणे सांगितलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. जावेने मान डोलावली. आपल्याकडे जेवणाच्या ताटावर बाईचं 'नाही' हा नुसता लाजण्याचा प्रकार असतो, तो आग्रहाने मोडायचा असतो. माझा जीव गेला असता, तरी आग्रहच म्हटला असता त्याला.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर नवऱ्याने हळूच विषय काढला. "यंदा मंडईले तू माहेरी जाऊन ये. सगळ्यायले बरं होईन."

"कोणाला बरं? झिंग्यांना?"

"तसं नाही व..."

तसंच होतं. घर माझं, राबणारी मी, आणि घराबाहेर जायचं तेही मीच! मी सांगितलं, मी कुठेही जाणार नाही. बाहेर झिंगे जातील. परसात चूल मांडायची, ते तिथेच साफ करायचे, तिथेच शिजवायचे, आणि वाढायचा डावसुद्धा आत आणायचा नाही. आत सगळ्यांसाठी वांगं मी करणार.

"पाहुणे काय म्हणतीन?" सासूबाई म्हणाल्या.

"मी विचारते त्यांना." आणि एकेकाला फोन केला. कोणी काही म्हटलं नाही. नुसते हो म्हणाले! इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

आत्याबाई आल्या, परसातली चूल पाहून तोंड वाकडं केलं, आणि तिथेच बसल्या. दुपारी मिठासाठी सैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थबकल्या.

"येऊ का आत? हात धुतले."

"साबणाने?"

"नाही."

"साबणाने धुवा. आणि लुगडंही बदला."

"झिंगे नाही त जसं काई नागच शिजवून राहिली मी," असं पुटपुटत त्या गेल्या. पण लुगडं बदलून आल्या.

अंगणातल्या पंगतीत मी सगळ्यांबरोबर बसले. झिंगे पलीकडच्या रांगेत वाढत होते. जावेचा भाऊ वाढायला होता, त्याला राहवलं नाही. तो डाव घेऊन आमच्या रांगेत आला. "जरासा रस्सा त चालते न, ताई? मंडई आहे."

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी त्याचं मनगट धरलं. "विचारलं न? मंग ते काय म्हणते ते आयक आधी."

"नको," मी म्हणाले.

"नको म्हणते. जाय तिकडे." तो गेल्यावर त्या शेजारच्या पाहुणीकडे वळल्या आणि दुःखाने म्हणाल्या, "मिशा काढल्या तरी बाधते व तिले."

मिशांचं मी त्यांच्यावरच सोडलं. ताटातलं वांगं संपवलं आणि आणखी मागून घेतलं.